आठव्यातलं प्रस्थान

शारजा
१४ सप्टेंबर २०२५

ती. ढुंढिराजकाका यांस,
सा. न. वि. वि.

पत्राचा फोटो नीट दिसतोय ना? माझं अक्षर वाचायला ताम्रपट वाचणारा माणूस बोलवावा लागेल असं तुम्ही मागे कळवलं होतंत, म्हणून या वेळी रेघांचा कागद घेतला आहे. इथून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो जातात, पण बोलायला बंदी आहे. आईला तर साध्या फोनवरही ऐकू येत नाही, तिच्याशी बोलायचं म्हणजे लासलगावच्या अख्ख्या गल्लीशी बोलावं लागतं. त्यामुळे आपल्या घरात पत्र टिकलं. तुमच्या मते हे सुदैवच.

यशश्री बरी आहे. उद्यापासून सातवा लागेल. डॉक्टरांनी वीस डिसेंबर ही तारीख दिली आहे. मी सध्या बराच वेळ घरीच असतो, कंपनीने तशी मोकळीक दिली आहे. भाजी मीच चिरतो. कांदा चिरताना न रडणारा लासलगावकर आपल्याला अजून भेटायचा आहे, असं यशश्रीचं म्हणणं.

एक विचारायचं होतं, सहजच. बाळंतपण इथेच करायचं आणि आईने त्यासाठी इथे यायचं हे ठरलेलं आहे. पण समजा, ऑक्टोबरअखेर यशश्रीला तिकडे आणायचं म्हटलं तर? आठव्या महिन्यात प्रवास नको असं आई म्हणते, ते खरंच शास्त्रात आहे की आजीच्या फडताळातलं? तुम्ही जे सांगाल ते दोघीही मानतील. मुद्दाम असं काही नाही, डोक्यात आलं म्हणून विचारलं.

तब्येतीला जपा. आशीर्वाद असू द्या.

आपला,
गौरांग


पंचवटी, नाशिक
१७ सप्टेंबर २०२५

चि. गौरांग यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. रेघांमुळे अक्षर सुधारलेलं नाही. पूर्वी ते सैरावैरा वाईट होतं, आता रांगेत उभं राहून वाईट आहे. प्रगती म्हणायची.

पितृपक्ष चालू आहे. रामकुंडाकडे पाय ठेवायला जागा नाही. काल मला धोतरात पाहून एका परगावच्या गृहस्थांनी पिंडदानाचे किती घेता असं विचारलं. मी विधी करत नाही, तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, असं सांगितल्यावर त्यांनी फार सहानुभूतीने माझ्याकडे पाहिलं आणि जाताना एक केळं हातावर ठेवलं. निवृत्तीनंतरचा हा माझा पहिला जाहीर सत्कार.

आता तुझा प्रश्न. ब्रह्मचारी माणसाला गर्भारपणातलं विचारणं म्हणजे उंटाला पोहण्यातलं विचारणं. आणि उंट तर तुझ्या हाताशी आहेत. तरी निकाल ऐक. फडताळातलं असो की शास्त्रातलं, आठव्यात वेस ओलांडायची नाही. सातव्यात चालेल, नवव्यात चालेल, आठव्यात नाही.

दोन वर्षांपूर्वीचं तू विसरला नसशील. आठवाच होता. यशश्रीला नाशिकहून लासलगावला नेणारी गाडी मी चालवत होतो. तिसऱ्या दिवशी बाळाची हालचाल थांबली. रस्त्याचा आणि त्याचा काही संबंध नाही असं डॉक्टरांनी मला तीनदा समजावलं, आणि ते माझ्या बुद्धीला पटलेलंही आहे. गाडी मात्र तेव्हापासून ताडपत्रीखाली आहे. तिच्याखाली मांजर दोनदा व्याली, दोन्ही वेळा सुखरूप. तिने प्रवास केला नव्हता.

तेव्हा तुला तिथे नोकरी आहे, विमा आहे, चांगला दवाखाना आहे, तर स्वस्थ बैस. आणि कांदे पाण्यात भिजवून चिर.

यशश्रीला अनेक आशीर्वाद.

तुझा,
ढुंढिराजकाका


लासलगाव
२४ सप्टेंबर २०२५

ढुंढिराज भाऊजींस,
स. न. वि. वि.

नवरात्र बसलं, घट घातले. यंदा देवीपुढे एकच मागणं आहे, ते तुम्हाला लिहून सांगायला नको.

यशश्रीची ओटी कालच कुरिअरने पाठवली. खण, हळकुंड, सुपारी, कुंकवाची पुडी आणि बाळासाठी दोन जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. नारळ नेणार नाही म्हणाला कुरिअरवाला. तेव्हा नारळ मी इथेच तिच्या नावाने ठेवून दिलाय.

माझ्या व्हिसाचे कागद गौरांग पाठवणार होता, ते अजून आले नाहीत. दोनदा लिहिलं. पुढच्या आठवड्यात बघतो म्हणतो. त्याचे पुढचे आठवडे फार लांब झालेत हल्ली. मी कानाने बहिरी आहे, पण अक्षरावरून मला ऐकू येतं. मुलाच्या पत्रात काहीतरी दाबलेलं आहे. तुम्हाला काही कळवलं आहे का? असेल तर सांगा, आणि सांगायचं नसेल तर निदान थट्टा करून टाळू नका.

आठव्यात तिला हलवायचं नाही असं तुम्ही निक्षून लिहिलंत ते बरं झालं. पोरीला तेवढा धीर.

बागेतल्या लिंबांचं लोणचं घातलंय, बरणी कुणाबरोबर तरी पाठवते. सवडीने दोन ओळी लिहा.

श्यामला


शारजा
१५ ऑक्टोबर २०२५

ती. काका,
सा. न. वि. वि.

सहजच नव्हतं, काका.

आमचा विभाग कंपनीने ऑगस्टअखेर बंद केला. तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा माझी नोकरी जाऊन दोन आठवडे झाले होते. इथे राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो आणि बायकोचा परवाना नवऱ्याच्या परवान्याला. इंजिन सुटलं की डबाही सुटला. माझा रद्द करायच्या आधी तिचा करावा लागतो, म्हणून तिचा चार सप्टेंबरला झाला, माझा सहाला.

त्यानंतर देश सोडायला किंवा दुसरी नोकरी धरायला काही दिवस मिळतात. कंपनीचा माणूस तोंडी म्हणाला की दोन-तीन महिने सहज आहेत, टेन्शन घेऊ नका. मी नोव्हेंबर अखेरपर्यंत धरून चाललो. तुमचा निकाल होताच, आठव्यात नाही, नवव्यात चालेल. म्हटलं, तोवर नोकरी मिळेल, नाही मिळाली तर नवव्यात यशश्रीला घेऊन येईन आणि कुणाला काही सांगावंच लागणार नाही. रद्द केल्याचा कागद घडी घालून ठेवून दिला. काका, खरं सांगू? मला तो वाचायची लाज वाटत होती.

परवा संघर्षने तो उघडायला लावला. संघर्ष सातपूरचा, आमच्याच कंपनीत एसी बसवणाऱ्यांवर सुपरवायझर होता. त्याचा परवाना यापूर्वी दोनदा गेलाय, त्यामुळे तो स्वतःला या विषयातला रिपीटर म्हणवतो. साठ दिवस मिळतात, नव्वद मिळतात, असं लोक काहीही सांगतात, तुझ्या कागदावर जी तारीख छापली आहे तीच तुझी, बाकी सगळ्या बाता, असं म्हणाला. तारीख छापलेली होती. यशश्रीची तीन नोव्हेंबर, माझी पाच. त्यानंतर राहिलं तर दर दिवसाला दंड, आणि दवाखान्यात परवाना दाखवायला काही नाही. आरोग्य विमा तर परवान्याबरोबरच गेलाय. शिवाय छत्तीस आठवड्यांनंतर विमान कंपनी तिला घेणार नाही. म्हणजे तीन नोव्हेंबरच्या आतच निघायला हवं.

आणि आज आठवा लागला. सातव्याचा शेवटचा दिवस काल मी शेजारच्या अजमानला, नोकरीसाठी एका कंपनीच्या बाकावर बसून घालवला. साहेब आले नाहीत.

आणखी एक ऐका, म्हणजे एकदाच रागवाल. जाताना त्यांनी विचारलं होतं, काढून टाकलं असं लिहू की तुम्ही राजीनामा देताय? मी राजीनामा दिला. आपल्या घरात कुणाला काढून टाकत नाहीत. मागाहून कळलं, नोकरी गेल्यावर तीन महिने थोडा आधार देणारा विमा इथे असतो आणि माझा हप्ताही भरलेला होता. पण तो काढून टाकलेल्यांना मिळतो, मानाने गेलेल्यांना नाही. हे ऐकून संघर्षने कपाळाला हात लावला. शहाणी माणसं फार शिकून वाया जातात, असं मला त्याने तोंडावर सांगितलं.

फ्लॅट २७ सप्टेंबरलाच सोडला. आता एका खोलीत आहोत. बाळाचे कपडे आणि आईची ओटी असलेली पिशवी यशश्रीने त्याच दिवशी संघर्षच्या घरी, त्याची बायको साक्षी हिच्याकडे नेऊन ठेवली. इकडे ओल आहे, त्यांचं घर विमानतळाच्या बाजूला, कोरडं आहे.

आईला सांगू नका. एवढं ऐका माझं.

गौरांग


नाशिक
१६ ऑक्टोबर २०२५, दुपारी

चि. गौरांग,
आशीर्वाद.

आज थट्टा नाही.

आधी माझ्या पदरातलं. तू सातव्याच्या आदल्या दिवशी विचारलं होतंस आणि मी उंटाचा विनोद केला. तू सहजच म्हणालास आणि मीही ते सहजच घेतलं. तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, कोण कुठे अडलंय हे शाईच्या डागावरून ओळखायचो. घरच्या पोराची एक ओळ मला वाचता आली नाही. वहिनींना कानाने ऐकू येत नाही, पण त्यांनी ती वाचली होती.

राजीनाम्याबद्दल रागावत नाही. तुझ्या आजोबांनीही हेडमास्तरांशी वाद झाल्यावर तत्त्वासाठी राजीनामा दिला आणि मग अकरा महिने घरात तत्त्वच शिजत होतं. हा आपला घरचा रोग आहे. त्यावर औषध संघर्षसारखी माणसं. त्याला माझा जय भीम सांग आणि पुढे तो म्हणेल तसं कर. माझं ऐकू नकोस.

आता विचारतो त्याचं उत्तर क्रमाने दे, निबंध नको. डॉक्टर यशश्रीला विमानात बसायला योग्य असल्याचा दाखला देतील का? हिशेब पूर्ण मिळाला असं लिहून घेणाऱ्या कागदावर, हिशेब मिळण्याआधीच सही केली आहेस का? गाडीचं कर्ज होतं, त्याचं काय? कर्ज ठेवून निघालेल्या माणसाला तिथे विमानतळावर अडवतात, असं सातपूरला एकाने आज सांगितलं. मी सकाळीच तिकडे जाऊन आलो. आखातातून परत आलेली चार माणसं गाठली. चौघांनी चार गोष्टी सांगितल्या, पण एक सगळ्यांची सारखी होती: शेवटच्या आठवड्यावर काही ठेवू नका.

अजमानच्या बाकावर आता बसू नकोस. यः पलायति स जीवति. पोरांना हे शिकवताना मी हसायचो.

वहिनींना सांगावं लागेल. तुझं हे एवढं मी ऐकणार नाही.

ढुंढिराज


शारजा
१८ ऑक्टोबर २०२५

ती. काका,
सा. न. वि. वि.

क्रमाने लिहितो.

डॉक्टरांनी दाखला दिला. सगळं ठीक आहे, रक्तदाब ठीक, बाळाची वाढ ठीक. त्या म्हणाल्या, मागच्या खेपेचे कागद मी पाहिलेत, प्रवासाचं कारण त्यात कुठेही नाही. हिशेबाच्या कागदावर आधी सही केली नव्हती, हिशेब हातात पडल्यावर परवाच केली. हेही संघर्षमुळेच, तो माझ्याबरोबर येऊन माझ्या खिशातलं पेनच काढून घेऊन बसला होता. गाडी विकून कर्ज फेडलं. पण कर्ज मिटल्याचं बँकेचं पत्र दोन नोव्हेंबरला मिळेल, आणि ते हातात नसताना मी विमानतळावर जायचं नाही असं त्याने बजावलं आहे. म्हणजे मला यशश्रीबरोबर येता येणार नाही. साक्षी आईवडिलांना भेटायला सातपूरला येतेच आहे, ती तिला सांभाळून आणेल. दोघींची तिकिटं २८ ची मिळताहेत, पहाटेचं विमान, मुंबई.

आता खरी अडचण. यशश्री नाही म्हणते.

रडत नाही, भांडत नाही, नुसतं नाही म्हणते. मी दाखला दाखवला, तारीख दाखवली, दंड किती बसेल ते सांगितलं. ती म्हणाली, दंड भरता येतो, ते भरून येत नाही. फार्मसी शिकलेली मुलगी आहे, तिला सगळं कळतं. पण रात्रीची पोटावर हात ठेवून जागी असते. हालचाल मोजते.

काल एवढंच म्हणाली, आईंनी जा म्हटलं तर जाईन. फक्त आईंनी. आणि ते माझी समजूत घालायला म्हटलेलं नको.

तिकिटं २३ तारखेपर्यंतच राखून ठेवली आहेत. काका, तुम्हीच सांगा आईला. मला लिहिता येत नाही.

गौरांग


नाशिक
१९ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. यशश्री हिस,
अ. आ.

तुला हे पत्र गौरांगच्या काकाकडून नाही, तर ज्याने आठव्याचा निकाल दिला त्या गाढवाकडून आहे. निकाल मी दिला, तेव्हा अपीलही माझ्याकडेच चालेल.

प्रस्थान ठेवणं तुला माहीत आहे का? पूर्वी प्रवासाचा चांगला दिवस एक यायचा आणि प्रत्यक्ष निघणं व्हायचं दुसऱ्याच दिवशी. मग चांगल्या दिवशी सुपारी, हळकुंड, अंगावरचं एखादं वस्त्र फडक्यात बांधून, ज्या दिशेला जायचं त्या बाजूच्या घरी नेऊन ठेवायचे. तेवढ्याने माणूस निघाला असं धरत. पुढे सवडीने जाताना ते गाठोडं उचलायचं आणि चालू लागायचं. मग वाटेत कुठलाही वाईट दिवस आला तरी त्याचा दोष नाही, कारण निघणं आधीच झालेलं असतं. माझे वडील परीक्षेला जायचे तेव्हा त्यांचं धोतर तीन दिवस आधीच स्टेशनजवळच्या सोनाराकडे जाऊन बसलेलं असे.

आता तूच बघ. २७ सप्टेंबरला, सातव्या महिन्यात, तू आपल्या हाताने एक पिशवी घराबाहेर काढलीस. तिच्यात वहिनींनी पाठवलेली सुपारी आहे, हळकुंड आहे, खण आहे. ती विमानतळाच्या बाजूच्या घरी ठेवलीस आणि ज्या फ्लॅटमधून निघालीस तिथे तू परत राहायला गेली नाहीस, ते घरच सोडलंस. याला दुसरं नाव नाही, पोरी. तू सातव्यातच निघाली आहेस. २८ तारखेला फक्त विमान निघणार आहे.

मी वहिनींनाही लिहितो आहे. निर्णय त्यांचा आणि तुझा. साक्षीला सांग, पिशवी उघडू नकोस, तशीच घेऊन ये.

तुझा,
ढुंढिराजकाका


नाशिक
१९ ऑक्टोबर २०२५

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुम्ही थट्टा करून टाळू नका म्हणाला होतात. टाळत नाही.

गौरांगची नोकरी ऑगस्टअखेर गेली. यशश्रीला तीन नोव्हेंबरच्या आत आणि त्याला पाचच्या आत तो देश सोडणं भाग आहे. विमा गेलाय, घर गेलंय. तुम्ही तिकडे जाण्याचा प्रश्न उरला नाही. दोघंही सुखरूप आहेत, पोरगा हिमतीने सगळं मिटवत आलाय. त्याने लपवलं ते तुमच्या भीतीने नाही, लाजेने. त्याला रागावायचं असेल तर इथे आल्यावर समोर रागवा.

विमानाची तारीख २८. आठवा चालू आहे. तुम्ही जा म्हणाल तरच ती निघेल, आणि २३ पर्यंत उत्तर हवं. तिला लिहिलेल्या पत्राची नक्कल सोबत आहे. प्रस्थान सातव्यातच ठेवलं गेलं आहे असं माझं मत आहे. तुमचे वडील निफाडचे जोशी, तुमच्यापुढे मी याहून जास्त काय बोलणार?

आपला,
ढुंढिराज


लासलगाव
२२ ऑक्टोबर २०२५, पाडवा

चि. सौ. यशश्री हिस,
अ. उ. आ.

बाळ, ये. भाऊजींनी लिहिलंय ते बरोबर आहे. ओटी मी पाठवली होती, ती सातव्यात घराबाहेर पडली, म्हणजे तू माझ्याच सुपारीने निघालीस. तुझ्या नावाचा नारळ मी जपून ठेवलाय.

मी तुझी समजूत घालायला लिहीत नाही. मी वाट बघायला लागले आहे म्हणून लिहिते. विमानात पाय वर घेऊन बस आणि साक्षीला खिडकी देऊन तू कडेला बस, उठता येतं. गौरांगला सांग, आई रागावलेली नाही. म्हणजे आहे, पण ते तो आल्यावर.

तुझी,
आई


लासलगाव
२२ ऑक्टोबर २०२५

ढुंढिराज भाऊजींस,
स. न. वि. वि.

यशश्रीला लिहिलेलं पत्र वेगळं पाठवलं. हे तुमच्यासाठी, पुढे कुणाला दाखवू नका.

दिवाळीमुळे बाजार समितीचे लिलाव बंद आहेत. ट्रॅक्टर नाहीत, खिडकीची काच थरथरत नाही, त्यावरून मला शांतता कळते. तेवढ्या शांततेत तुमचं पत्र चारदा वाचलं.

भाऊजी, प्रस्थान किती दिवस टिकतं हे माझ्या वडिलांनी मला नऊ वर्षांची असताना सांगितलं होतं. राजाला दहा रात्री, सामंताला सात, आणि तुमच्या-आमच्यासारख्यांना पाच. पाचांच्या आत निघालं नाही तर ते मोडतं आणि पुन्हा ठेवावं लागतं. २७ सप्टेंबरपासून २८ ऑक्टोबरपर्यंत एकतीस रात्री होतात. तुम्हाला हे माहीत नसेल असं मी मानत नाही. तुम्ही पोरीला सगळं लिहिलंत, धोतर लिहिलंत, सोनार लिहिला, आणि रात्रींचा आकडा तेवढा गाळलात.

वाचल्यावर आधी मी रागावले. मग दिवसभर फराळाचं करत राहिले आणि मनात रात्री मोजत राहिले. संध्याकाळी दिवे लावताना वाटलं, मी काय मोजतेय? तिकडे ती पोटावर हात ठेवून हालचाल मोजतेय, पोरगा तारखा मोजतोय. कुणीतरी एकाने मोजणं थांबवायला हवं. म्हणून मी लिहिलं की ये. शास्त्र चुकलं असेल तर ते दोघांत वाटून घेऊ, निम्मं तुमच्या नावे, निम्मं माझ्या.

पण तुम्ही माझ्याकडून हे फुकट सुटणार नाही. त्या दोघींना मुंबईहून आणायला भाड्याची गाडी सांगू नका. तुमची काढा. तुम्हीच चालवा. त्या वेळी तुमच्या गाडीत मागे मीही बसले होते, हे तुम्ही दोन वर्षं विसरलात. तुम्ही सावकाश चालवत होतात. खड्डा आला की आधी सांगत होतात. मी हे तेव्हाच म्हणायला हवं होतं, पण तेव्हा मला कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं, स्वतःचंही.

मी २७ लाच नाशिकला येते, नारळ घेऊन. मांजरीची काहीतरी सोय करा.

श्यामला


नाशिक
२९ ऑक्टोबर २०२५

चि. गौरांग यास,
अ. उ. आ.

पोचली. दोघीही पोचल्या, आणि आत बसलेलं तिसरंही पोचलं. आज सकाळी इथल्या डॉक्टरांनी यशश्रीला तपासलं, ठोके आम्हा सर्वांना ऐकवले. वहिनींनी कान यंत्राला लावला. त्यांना ऐकू आलं म्हणतात. मी वाद घातला नाही.

गाडीला नवी बॅटरी घालावी लागली. मांजर पिलांसह जिन्याखाली गेली आहे आणि माझ्याशी बोलत नाही. मुंबईहून नाशिक साडेसहा तास लागले. कसारा घाटात एक सिमेंटचा ट्रक आम्हाला मागे टाकून गेला, तेव्हा साक्षीने नम्रपणे विचारलं की काका, आपण सुरू झालो आहोत ना? यशश्री हसली. मी आरशातून पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या आरशात पाहिलं.

घरी आल्यावर वहिनींनी नारळ ओवाळला, पिशवीची गाठ सोडली, सुपारी देवापाशी ठेवली. तळाशी दुपट्यांमध्ये तुझा एक जुना निळा शर्ट निघाला. यशश्री म्हणाली, मी घातला नव्हता. साक्षी म्हणाली, मीही नाही. मी घातला असं कुणीच कबूल करत नाही. वहिनींनी तो हातात धरला, वास घेतला आणि जाहीर केलं की म्हणजे गौरांगचंही प्रस्थान ठेवलेलं आहे.

त्याला किती रात्री झाल्या, हे या घरात आता कुणी मोजत नाही. बँकेचं पत्र दोन तारखेला घे, चार तारखेच्या विमानात बैस. मी गाडी घेऊन येतो. सावकाश येईन, तेव्हा लवकर निघेन.

तुझा,
ढुंढिराजकाका